धुराचा जमाखर्च

विडी सतत ओढत राहावी लागते, नाहीतर ती विझते. सिगारेटचा कागद मुळात जळत राहावा असाच बनवलेला असतो. एकदा पेटवली की राखदाणीत ठेवली तरी ती आपली आपण संपत जाते. तेंदूच्या पानाचं तसं नाही. म्हणून विडी ओढणारा भराभर झुरके घेतो, तेही खोलवर, आणि बोलण्याच्या नादात ती विझलीच तर पुन्हा काडी ओढतो. एका विडीतली तंबाखू सिगारेटीतल्या तंबाखूच्या मानानं चिमूटभरच. पण छातीत उतरणारं टार, निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी नसतं. पुष्कळदा जास्तच भरतं. "विडी पानाची असते, तिनं काही होत नाही; सिगारेटीत केमिकल असतं" हे वाक्य एसटी स्टँडवर, ऊसतोडीच्या फडात, कुठंही ऐकायला मिळतं. बोलणारा बहुधा मध्येच खोकून घेतो.

ही समजूत तपासायची तर माणसं मोजायला हवीत, आणि ती मुंबईत मोजली गेली. १९९० च्या दशकात प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मतदारयाद्या हातात घेऊन पस्तिशीपुढच्या सुमारे एक लाख मुंबईकरांची घरोघर जाऊन नोंद केली: कोण काय ओढतं, काय चघळतं, किती. काही वर्षांनी त्याच दारांवर पुन्हा थाप मारली आणि मधल्या काळात कोण गेलं ते लिहून घेतलं. निष्कर्ष २००५ मध्ये छापून आले. तंबाखूला न शिवणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण ३७ टक्क्यांनी जास्त होतं, विडी ओढणाऱ्यांत ६४ टक्क्यांनी. या पाहणीतून सुखवस्तू सोसायट्या वगळाव्या लागल्या होत्या, कारण तिथला पहारा ओलांडून आत शिरणं अवघड होतं. मला हा तपशील फार बोलका वाटतो. चाळीतला माणूस दार उघडून आपल्या सवयीचं खरं सांगतो. वरच्या मजल्यावरच्यांची फुप्फुसं वॉचमननं वाचवली, निदान नोंदीपासून.

धूम्रपानावर मराठीत पुस्तक काढायचं म्हटलं की पहिला आक्षेप घरातूनच येतो. आपल्याकडे लोक ओढतात कुठं? खातात. आक्षेप खोटा नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ तंबाखू चघळणारे निघाले आणि ओढणारे अवघे ३.८ टक्के. देशाची सरासरी तेव्हा १०.७ टक्के होती, म्हणजे या बाबतीत आपण बरे म्हणायचे. पण ३.८ टक्के म्हणजे तीस लाखांहून अधिक माणसं. शिवाय महाराष्ट्र स्वतः कमी ओढत असला तरी देशाला ओढायला पुरवण्यात तो मागे नाही. गडचिरोली-गोंदियाचं पान, सोलापूर-सिन्नरच्या बायकांची बोटं, सीमेवरच्या निपाणीची तंबाखू आणि मुंबई-पुण्यातल्या मालकांच्या पेढ्या, हे सगळं एका विडीत बांधलेलं असतं. परळच्या टाटा हॉस्पिटलात देशभरातून येणारे रोगीही याच राज्यात, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत पथारी टाकून असतात.

माझं म्हणणं थोडक्यात मांडतो. तंबाखूचा हिशेब आपण कधी एका वहीत लिहिलाच नाही. कर अर्थखात्याच्या वहीत, रोजगार कामगार खात्याच्या, पान वनखात्याच्या, मृत्यू आरोग्यखात्याच्या आणि कर्ज त्या घराच्या, जिथला कमावता माणूस पंचेचाळिशीत गेला. प्रत्येक वही आपापल्या जागी चोख आहे. बेरीज करायला कुणी बसत नाही, आणि बसला तर त्याला व्यवहार कळत नाही असं म्हणतात. या संग्रहातले लेख ही बेरीज करून पाहतात. सगळ्यांची उत्तरं जुळत नाहीत, आणि मी ती जुळवून घेतलेली नाहीत.

तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अकबराचा वकील असद बेग विजापूरला आदिलशाहीत गेला होता. तिथं त्यानं ही वस्तू पाहिली आणि सजवलेल्या नळीसकट बादशहापुढे नेऊन ठेवली. अकबरानं दोन-चार झुरके घेतले. दरबारातल्या हकिमानं नापसंती दाखवली, त्यावर वाद झाला, आणि थोड्याच दिवसांत सरदारांची मागणी सुरू झाली. पुढे १६१७ मध्ये जहांगिरानं बंदीचं फर्मान काढलं; ते कुणी पाळलं नाही. वैद्याची नापसंती, बड्यांची हौस, सरकारी मनाई आणि सर्रास चाललेला व्यापार, या चारही गोष्टी पहिल्या पंधरा वर्षांतच उरकल्या होत्या. नंतरच्या चारशे वर्षांत नवीन काय घडलं असेल तर पुरावा.

पुराव्याची गोष्ट लंडनमध्ये सुरू होते. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथं फुप्फुसाच्या कर्करोगानं मरणारे वाढत चालले होते, आणि रस्त्यावरचं डांबर किंवा मोटारींचा धूर हे कारण असावं असा रिचर्ड डॉल यांचा अंदाज होता. ते आणि ब्रॅडफर्ड हिल रुग्णालयांतून रोग्यांना प्रश्न विचारत फिरले. उत्तरांचा ढीग वाढला तसं संशयाचं बोट सिगारेटकडे वळलं, आणि अभ्यास पुरा होण्याआधीच डॉल यांनी स्वतःची सिगारेट सोडली. १९५० मध्ये निबंध आला. पुढच्या वर्षी त्यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच हाताशी धरलं आणि पन्नास वर्षं त्यांचा पाठपुरावा केला. २००४ चा निष्कर्ष असा, की आयुष्यभर सिगारेट ओढणारा माणूस न ओढणाऱ्यापेक्षा सरासरी दहा वर्षं आधी जातो.

हे सगळं आपण वाचलं, पाठ केलं, आणि तिथंच एक घोटाळा झाला. धूम्रपान म्हणजे फुप्फुसाचा कर्करोग हे समीकरण इतकं घट्ट बसलं की सिनेमागृहातल्या जाहिरातीपासून शाळेतल्या चित्रकला स्पर्धेपर्यंत दुसरं काही दिसेना. गावातला माणूस मग आजूबाजूला बघतो, त्याला फुप्फुसाचा कर्करोग झालेला शेजारी सापडत नाही, आणि तो निर्धास्त होतो. शेजारी टीबीनं गेलेला असतो.

भारतात सिगारेट-विडी ज्या रोगांच्या हातून माणसं मारते त्यांत क्षयाची जागा फार वरची आहे, हे तमिळनाडूतल्या अभ्यासानं २००३ मध्ये दाखवून दिलं. गजलक्ष्मी, रिचर्ड पेटो आणि प्रभात झा यांच्या त्या पाहणीत ओढणाऱ्या पुरुषांत क्षयानं मरण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सुमारे चौपट निघालं, आणि देशातल्या पुरुषांच्या क्षयमृत्यूंपैकी जवळपास निम्म्यांमागे धूर आहे असा हिशेब मांडला गेला. कारण समजायला अवघड नाही. क्षयाचे जंतू आपल्यापैकी कितीतरी जणांच्या शरीरात निपचित पडलेले असतात. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला बारीक केसांसारखी लव असते. ती सतत हलत राहून घाण वर ढकलते. धुरानं ती लुळी पडते. आत शिरलेल्या जंतूला गिळून टाकणाऱ्या पेशीही मंदावतात. मग दबलेला रोग उठतो. त्यात अपुरं जेवण, कोंदट खोली आणि दिवसभराचं अंगमेहनतीचं काम. अशा माणसाच्या मृत्यूचं कारण लिहिताना विडीचा उल्लेख कुठंच होत नाही.

याच प्रभात झांच्या नेतृत्वाखाली देशभरातल्या अकरा लाख घरांतून गोळा केलेल्या माहितीचे निष्कर्ष २००८ मध्ये छापून आले. माहिती मिळवली ती मेलेल्या माणसाच्या घरी जाऊन, तो काय ओढत होता ते विचारून. रुग्णालयाचे कागद शोधण्यात अर्थ नव्हता. निम्म्याहून अधिक माणसं रुग्णालयापर्यंत पोचतच नाहीत. विडी ओढणारा पुरुष सुमारे सहा वर्षं गमावतो, सिगारेट ओढणारा दहा, आणि ओढणारी बाई आठ. बाईचा आकडा वाचून मी थबकलो होतो. आपल्या डोळ्यांपुढे ओढणारी बाई येते ती शहरातल्या कॅफेबाहेरची, आणि तिच्यावर सगळा समाज बोलायला तयार असतो. प्रत्यक्षात भारतात ओढणाऱ्या बायकांत विडी ओढणाऱ्या, खेड्यातल्या, वयस्क बायका खूप आहेत, आणि त्यांच्याबद्दल कुणालाच काही म्हणायचं नसतं.

मुंबईच्या आकड्यांत विडी सिगारेटपेक्षा वाईट आणि या आकड्यांत सिगारेट विडीपेक्षा, असा विरोध चौकस वाचकाला दिसेल. दोन्ही पाहण्यांची माणसं वेगळी, तुलनेची पद्धत वेगळी. विडी निरुपद्रवी आहे असं मात्र दोन्हींपैकी एकही सांगत नाही.

आता पैशाकडे. २०१७-१८ या वर्षात पस्तिशीपुढच्या भारतीयांच्या तंबाखूजन्य आजारांचा आणि अकाली मृत्यूंचा खर्च १,७७,३४१ कोटी रुपये होता, असं रिजो जॉन आणि सहकाऱ्यांनी काढलं. देशाच्या सकल उत्पन्नाच्या एक टक्क्याहून थोडा अधिक. तंबाखूवरच्या उत्पादन शुल्काचे शंभर रुपये तिजोरीत पडतात तेव्हा समाजावर ८१६ रुपयांचा बोजा पडतो, हा त्याच अभ्यासातला हिशेब. "तंबाखूच्या करावर सरकार चालतं" असं म्हणणाऱ्यानं हा आकडा दोनदा वाचावा. आणि हा बोजा सरकारच्या डोक्यावर थोडाच, घराच्या डोक्यावर जास्त. विडी ओढणाऱ्याचा महिन्याचा सरासरी खर्च २०१६-१७ मध्ये २८४ रुपये होता. ऐकायला किरकोळ. पण हा माणूस मुख्यतः मजूर आहे, आणि त्याच घरात दूध आणायचं की नाही याचा विचार रोज होत असतो.

विडीवरचा कर आधीपासूनच नाममात्र. हातानं वळलेल्या विडीला पूर्वी अबकारीत सवलत, छोट्या उत्पादकाला पूर्ण माफी. त्यामुळे मोठे उत्पादक कागदोपत्री छोटे होत गेले. वस्तू व सेवा कर आला तेव्हा विडीला २८ टक्क्यांत बसवलं, पण सिगारेटवर असलेला जादा उपकर तिच्यावर लागला नाही. २०२५ च्या सप्टेंबरात कर परिषदेनं सिगारेट-गुटख्याला ४० टक्क्यांच्या टप्प्यात टाकायचं ठरवलं आणि त्याच बैठकीत विडी २८ वरून १८ वर, तेंदूपान १८ वरून ५ वर आणायचं. गरिबाची वस्तू म्हणून. गरिबाच्या छातीत जाणारा धूर स्वस्त राहावा याची एवढी काळजी घेणारं सरकार त्याच्या औषधाबाबत इतकं तत्पर दिसत नाही.

सरकारची दुसरी अडचण अधिक गमतीची आहे. आयटीसी ही १९१० ची इंपिरियल टोबॅको कंपनी, देशातली सर्वांत मोठी सिगारेट उत्पादक. तिच्या भागधारकांत आयुर्विमा महामंडळ मोठ्या हिश्शानं बसलेलं आहे. तेच महामंडळ काही पॉलिसींवर धूम्रपान करणाऱ्याकडून जास्त हप्ता घेतं, म्हणजे हा ग्राहक लवकर जाणार हे त्याला पक्कं ठाऊक आहे. या गुंतवणुकीविरुद्ध २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली होती.

रोजगाराचा मुद्दा मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाही, आणि या संग्रहातला सर्वांत लांब लेख त्यावरच आहे. सोलापूरच्या पूर्व भागात सकाळी फिरलं तर दारोदारी बायका मांडीवर सूप घेऊन बसलेल्या दिसतात. बहुतेक तेलुगू बोलणाऱ्या, पद्मशाली समाजातल्या. नवरा किंवा सासरा यंत्रमागावर, ही विडीवर. पान आदल्या दिवशी भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेलं असतं. पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कात्रीनं त्या मापाचं कापायचं, शिरा बाजूला टाकायच्या, चिमटीनं तंबाखू पसरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं. बोलता बोलता, टीव्ही बघत, पोराला ओरडत हे चालू असतं. बोटांकडे लक्ष नसतं. मजुरी हजारावर, आणि हजार विड्या म्हणजे दिवस मावळतो. विड्या जमा करायला गेलं की तपासणारा त्यातल्या काही छाटात काढतो. छाटाची मजुरी नाही. तंबाखूची भुकटी घरभर, भाताच्या पातेल्याजवळ, पाळण्याखाली. मान आणि पाठ चाळिशीत जाते, खोकला त्याआधी येतो. ही बाई विडी ओढत नाही.

केंद्राच्या कामगार खात्याकडे देशातल्या विडी कामगारांचा आकडा पन्नास लाखांच्या जवळपास आहे, त्यात बायकाच फार. १९६६ चा विडी कामगार कायदा आणि १९७६ चा कल्याण निधी कामगारांनी लढून मिळवला. सोलापूरजवळ कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावानं दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली तीही कामगारनेते नरसय्या आडम यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढल्यावर. गोदूताई हयात असत्या तर वसाहतीचा अभिमान आणि धंद्याचा राग एकाच भाषणात बोलून दाखवला असता असं मला उगाच वाटतं. २०१७ मध्ये नवी करपद्धती आली आणि ज्या उपकरातून हा कल्याण निधी भरत होता तोच रद्द झाला. त्या वेळी मालकांच्या संघटनांनी कामगारांसाठी गळा काढल्याचं आठवत नाही. करवाढीची, मोठ्या चित्राच्या इशाऱ्याची वेळ आली की मात्र याच बायका पुढे केल्या जातात. कर कमी राहिल्यानं मजुरी वाढली, असं घडल्याचं मला तरी ठाऊक नाही.

पानाची बाजू वेगळी. एप्रिल-मे महिन्यांत गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियात दुसरं काही काम नसतं, आणि तेव्हाच तेंदू येतो. पहाटे जंगलात जायचं, दुपारपर्यंत पान तोडून आणायचं, घरच्या सगळ्यांनी बसून पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे. वाघाच्या हल्ल्याच्या बातम्या याच दिवसांत येतात. वनहक्क कायद्यानंतर गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा पानाचा लिलाव स्वतः करू लागल्या, आणि ठेकेदाराच्या खिशात जाणारा पैसा पहिल्यांदा गावात राहिला. आदिवासी गावाला स्वतःच्या हक्काची चव जिथं कळली, ती वस्तू विडीचं पान निघावी, हा पेच कुठल्याही घोषणेनं सुटणारा नाही. याच गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या पुढाकारानं दारू-तंबाखूविरुद्ध 'मुक्तिपथ' चालतं. तेंदूवर लिहिणाऱ्या लेखकानं दोन्हींची बाजू मांडली आहे, आणि मी त्यातला एक शब्दही कापलेला नाही.

निपाणीवर वेगळा लेख नाही, कारण अनिल अवचटांनी तिथल्या वखारींतल्या बायकांवर लिहून ठेवलंय त्यापुढे जाणं सोपं नाही. एवढीच आठवण करून देतो, की १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू पिकवणारे शेतकरी तिथं रस्त्यावर बसले होते आणि पोलिसांच्या गोळीबारात त्यातले काही मारले गेले. भाव मागत होते.

कायद्यांबद्दल फार लिहीत नाही. मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये सार्वजनिक ठिकाणी ओढण्यावर बंदी घातली, २००३ मध्ये केंद्राचा कायदा झाला, २ ऑक्टोबर २००८ पासून नियम कडक झाले, २०१६ मध्ये पाकिटावरचा इशारा ८५ टक्के जागेवर पसरला. महाराष्ट्रानं २०२० मध्ये सुट्या सिगारेटी-विड्या विकायला बंदी केली. कल्पना चांगली होती: पाकीट महाग, सुटी स्वस्त, आणि कॉलेजातलं पोर सुटीवरच लागतं. इशाऱ्याचं चित्रही पाकिटावर असतं, सुट्या सिगारेटीवर नसतं. आज कुठल्याही टपरीवर जाऊन बघा. पाकीट फोडून उभं केलेलं असतं आणि लायटर दोरीनं खांबाला टांगलेला. त्याच सुमारास पुण्याच्या एका जुन्या विडीवर संभाजी महाराजांचं नाव नको म्हणून आंदोलन झालं आणि नाव बदललं. आंदोलन करणाऱ्यांची भावना मी समजू शकतो. नवं नाव लावून तीच विडी दुसऱ्या दिवशी त्याच टपरीवर आली आणि कुणाचीच तक्रार उरली नाही.

उरला तो ओढणारा. त्याला उपदेश करणारे लेख मी घेतले नाहीत. उपदेश त्यानं बायकोकडून ऐकलेला असतो. त्याला उपयोगी पडेल असं डॉल यांच्या पन्नास वर्षांच्या वह्यांत आहे. तिशीत सोडली तर गमावायची जवळपास सगळी वर्षं परत मिळतात, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा, आणि "आता या वयात सोडून काय करू" म्हणणाऱ्या साठीच्या माणसालाही तीन. सोडल्यावर पहिले काही दिवस सर्वांत वाईट: चिडचिड, झोप उडणं, हात रिकामा वाटणं. दोन-तीन आठवड्यांत शरीराची ओढ बरीच ओसरते. नंतर उरते ती चहाबरोबरची, जेवणानंतरची, ठरावीक मित्राबरोबरची सवय, आणि तिला माणसाची सोबत लागते. पुण्यातलं 'मुक्तांगण' १९८६ पासून व्यसनी माणसाला हीच सोबत देत आलं आहे. १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत दूरध्वनी आहे. सोडायची ती घरातल्यांसाठीही: २०१६-१७ च्या सर्वेक्षणात देशातले ३८.७ टक्के प्रौढ घरातच दुसऱ्याचा धूर घेत होते, आणि ओढणारा खिडकीशी उभा राहिला म्हणून तो धूर कमी होत नाही.

शेवटचा लेख मुद्दाम क्षयरोग केंद्रावरचा ठेवला आहे. टीबीचे उपचार साधारण सहा महिने चालतात. एरवी डॉक्टरचं तोंड न बघणारा मजूर त्या काळात औषधासाठी, वजनासाठी, थुंकीच्या तपासणीसाठी परत परत येतो, घाबरलेला असतो आणि सांगितलेलं ऐकायच्या मनःस्थितीत असतो. नोंदवहीत 'तंबाखू' असा रकानाही असतो. तो भरल्यावर पुढे त्या माणसाशी कोण बोलतं, काय बोलतं, किती वेळ बोलतं, हे लेखकानं केंद्राच्या बाकावर बसून टिपलं आहे. घाईत असलेल्या वाचकानं तो लेख आधी वाचायला हरकत नाही.